स्लॉटमध्ये बसलं, पण चालेल का?

जळगावच्या गोलाणी मार्केटात मी लॅपटॉप दुरुस्ती शिकलो. पहिली फजिती झाली ती भर मे महिन्यात. रावेरचे एक केळीवाले काका आले. त्यांचा हिशेबाचा प्रोग्राम विंडोज ७ वरच चालायचा, म्हणून तीच ठेवायची होती, फक्त वेग हवा होता. मी एनव्हीएमई एसएसडी (नव्या, वेगवान पद्धतीची डिस्क) आणली, एम.२ स्लॉटमध्ये (छोट्या चपट्या कार्डाच्या खोबणीत) तिरकी सरकवली, दाबून स्क्रू आवळला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) नाव दिसलं. विंडोज मारायला घेतली तर ड्राइव्हची यादी रिकामी! तासभर काढ-घाल केली. "काय भो, माझी पॅसेंजर जाईल ना," काका म्हणाले. उस्तादांनी लांबूनच विचारलं, "सात टाकतोय का?"

सातच्या मूळ डिस्कमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हरच, म्हणजे विंडोजला ती ओळखू देणारा प्रोग्रामच, नाही. ८.१ पासून तो आतच येतो. लिनक्समध्ये २०१२ च्या ३.३ कर्नेलपासून (गाभ्याच्या आवृत्तीपासून) आहे. मायक्रोसॉफ्टने सातसाठी हॉटफिक्स (दुरुस्तीची छोटी फाइल) काढला, पण तो सेटअपमध्ये आधी मिसळावा लागतो. आमच्या नशिबाने त्या स्लॉटला साटाही (डिस्क जोडायची जुनी पद्धत) चालत होतं. साटावाली एम.२ टाकली, यादीत लगेच दिसली.

शिकाऊ पोरं कार्डाच्या कडेची खाच बघून खूश होतात. साटावालीला बहुधा दोन खाचा, एनव्हीएमईला एक. पण एका खाचेचं कार्ड घेणाऱ्या काही स्लॉटमध्ये आतून फक्त साटाच जोडलेलं असतं, कार्ड मस्त बसतं आणि दिसत नाही. आधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. वायफाय कार्डात तर आणखी चकवा: इंटेलचं एएक्स २०० आणि एएक्स २०१ दिसायला सारखंच, पण २०१ ला मदरबोर्डवर इंटेलचाच ठराविक चिपसेट लागतो. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते मुकं.

जुना माल पूर्ण संपलेला नाही. एका जिनिंगवाल्याच्या मशीनला सिरियल पोर्टचं (यंत्र जोडायच्या जुन्या पोर्टचं) पीसी कार्ड, म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या कडेला सरकवायचं कार्ड, लागतं. ६८ पिनांचं, १६ बिटी. ते ३२ बिटी कार्डबसच्या (पीसी कार्डाच्याच पुढच्या प्रकाराच्या) स्लॉटमध्ये चालतं. उलटं मात्र नाही, कार्डबसचं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये शिरतच नाही. कनेक्टरजवळची सोनेरी पट्टी ही कार्डबसची खूण. नंतरचं एक्सप्रेसकार्ड २६ पिनांचं, त्याचा इथे संबंधच नाही. त्यांच्या मुलाने हौसेने ६४ बिटी विंडोज टाकून आणली. कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटी, तो तिथे लोड होईना. परत एक्सपी टाकून दिली, आणि लॅपटॉपच्या झाकणावर मार्करने लिहिलं: "विंडोज बदलू नये."