‘चार्ज’ कुठे काय सांगतो? या चुका टाळा

मोबाईल चार्जिंगला लावतो, नवीन साहेबांनी चार्ज घेतला म्हणतो, डिलिव्हरी चार्ज किती लागला विचारतो, शब्द इतका घरचा झालाय की इंग्रजीत लिहिताना डिक्शनरी कोणी उघडतच नाही अन् तिथेच गडबड होते.

पैशांच्या वाक्यात सगळ्यात जास्त चुका दिसतात. ऑटोवाल्याने नागपुरात बर्डीपर्यंत (सीताबर्डीपर्यंत) माझ्याकडून दोनशे घेतले, हे पोट्टे ‘ही चार्ज्ड फ्रॉम मी टू हंड्रेड’ असं लिहितात. ‘फ्रॉम’ नको, ‘टू मी’ पण नको, सरळ ‘ही चार्ज्ड मी टू हंड्रेड रुपीज’. कशाचे घेतले ते सांगायला पुढे ‘फॉर’ लावा.

‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे जबाबदारी तुमच्याकडे. पण मध्ये ‘द’ आला, ‘इन द चार्ज ऑफ’, की तुम्हीच दुसऱ्याच्या देखरेखीखाली! अर्जात हे नक्की तपासा भाऊ.

भाषांतर करताना ॲपवर सोडू नका. लाईट बिलातला फिक्स्ड चार्ज म्हणजे ‘स्थिर आकार’, पण फिजिक्समधला चार्ज म्हणजे ‘प्रभार’, तो कूलोममध्ये मोजतात (५००० एमएएचची बॅटरी म्हणजे १८,००० कूलोम), तिथे ‘शुल्क’ लिहिलं तर सगळा धडाच बिघडतो. अन् १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईबद्दल इंग्रजीत वाचताना इंग्रजांच्या बाजूच्या कॅप्टन फिट्झजेराल्डचा कॅव्हलरी चार्ज येतो, तो घोडदळाचा हल्ला.

कोर्टाच्या बातमीत मात्र खरंच जपा, कारण तिथे माणसाच्या नावाचा प्रश्न असतो. ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे चोरीचा आरोप आहे, चोरी सिद्ध झाली असं नाही, सिद्ध झाल्यावर ‘कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट’ म्हणतात. चार्जशीट पोलीस देतात, तपास झाल्यावर, अन् चार्ज फ्रेम करतं, म्हणजे आरोप निश्चित करतं, ते कोर्ट, ही दोन वेगळी कामं आहेत. चार्ज फ्रेम करण्याइतका आधार कोर्टाला दिसला नाही तर आरोपी ‘डिस्चार्ज’ होतो, त्याला दवाखान्यातून सुट्टी मिळाली असं समजू नका, अन् निर्दोष सुटला असंही लिहू नका, कारण निर्दोष सुटका म्हणजे ‘ॲक्विटल’, ती खटला चालल्यावर होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजी बातमीचं मराठी करून टाकताना ‘चार्ज्ड’ दिसला की ‘आरोपी’ लिहा, ‘दोषी’ नाही.