धमकी आली तर काय करावे? इंदूरकरांसाठी मार्गदर्शन

"जाऊ द्या हो, कशाला ठाण्याची पायरी चढायची," असं म्हणत लोकमान्यनगर, रामबागेतली आपली माणसं धमक्या गिळून बसतात. मला हे अजिबात पटत नाही. धमकी देणं हाच मुळात गुन्हा आहे. ती खरी होईपर्यंत थांबायची गरज नाही.

आधी कायदा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागू आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून भारतीय दंड संहितेचं ५०६ असतं, ते हेच. जिवाला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करीन असं सांगून तुम्हाला घाबरवणं किंवा तुमच्या हक्काची गोष्ट सोडायला लावणं, हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ठार मारण्याची, जबर दुखापतीची किंवा आग लावण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. नाव लपवून दिली तर वर आणखी दोन वर्षांपर्यंत. "कोर्टात खेचीन" म्हणणं मात्र यात बसत नाही.

माणूस दारातच उभा असेल तर ११२ फिरवा, बाकी सगळं नंतर.

मग त्याच दिवशी लिहून काढा. खरी मेहनत इथेच घ्यायची. समजा, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जिन्यात अडवून म्हणाला, "मकान खाली करवाया तो लड़के को उठवा लूँगा." अर्जात नुसतं "किरायेदार ने धमकी दी" लिहिलंत तर त्याला फारसं वजन राहत नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यांसकट. आपल्याकडे शिवी लिहायला हात धजत नाही, पण लिहा. वेळ, जागा, कोणी ऐकलं, आधी कशावरून वाजलं होतं, तेही. आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत? मुलाला क्लासला एकटं पाठवणं थांबवलं, खोलीचा विषय काढणं बंद केलं? हे अवश्य नोंदवा. घाबरवण्याचा हेतू नसेल तर नुसते शब्द पुरत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटलं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, रेकॉर्डिंग पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोनही जपा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

आता ठाण्यात. हिंदीत अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच. नुसती धमकी कायद्याच्या मूळ अनुसूचीत अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून बरेचदा 'अदम चेक' (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात देऊन मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात. त्याने खचू नका, तो कागद सांभाळा. पण सोबत जबर दुखापत किंवा खंडणीसारखा एखादाही दखलपात्र गुन्हा घडला असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून घडलेलं सगळं सांगा. एफआयआर झाली तर तिची प्रत फुकट मिळते.

दखलपात्र असूनही टीआय (ठाणेदार) नोंद घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा. इंदूरात डिसेंबर २०२१ पासून कमिशनर पद्धत आहे, म्हणजे आपल्या झोनच्या डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे). तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर विचारा. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील मोफत मिळतो.