शिराकावा-गो ला गेलात तर गवताची घरं अशी बघा

जपानमधलं, गवताच्या छपरांच्या जुन्या घरांसाठी प्रसिद्ध शिराकावा-गो म्हटलं की सगळे आधी टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटला पळतात, फोटो काढतात आणि परतीची बस धरतात. असं करू नका प्लीज, या घरांची खरी गंमत आत आहे.

ताकायामा शहराहून बस साधारण 50 मिनिटात शिराकावा-गो मधल्या ओगिमाची गावात सोडते. उतरलात की आधी वादा हाऊसमध्ये शिरा, गावातलं सगळ्यात मोठं घर, तिकीट काढायचं, बूट बाहेर. खाली जमिनीत खोदलेली चूल दिसेल, तिला इरोरी म्हणतात, तिच्याजवळ जरा थांबा, कारण तिचा धूर वरपर्यंत जाऊन गवत आणि दोर कोरडे ठेवतो, किडे लागू देत नाही. चूल बंद पडली की छप्पर लवकर कुजतं.

मग जिन्याने माळ्यावर जा. इथे पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. आता मान वर करा आणि नीट बघा, छपराच्या सांगाड्यात खिळा नाही! सगळं दोरांनी आणि नेसो नावाच्या ओल्या, पिळलेल्या फांद्यांनी बांधलेलं, फांदी वाळली की गाठ अजून आवळते. मोठ्या तिरक्या लाकडांची खालची टोकं पेन्सिलीसारखी तासून खाचेत नुसती टेकवलेली असतात, त्यामुळे वाऱ्याने किंवा बर्फाच्या वजनाने छप्पर थोडं हलतं पण मोडत नाही. मला तर सगळ्यात भारी हेच वाटतं.

बाहेर आलात की छपराचा उतार बघा, जवळजवळ 60 अंश, बर्फ साठू नये म्हणून. जोडलेल्या हातांसारखा आकार, म्हणून या घरांचं नाव गास्शो. बहुतेक घरांची दोन्ही पाखं पूर्व-पश्चिमेला, म्हणजे ऊन दोन्हीकडे लागून गवत वाळतं. शेवाळलेलं पाखं जुनं, पिवळसर दिसलं तर नुकतंच शाकारलेलं. शाकारणी साधारण 30-40 वर्षांनी येते आणि एका घराचं काम नाहीच ते, शेजारीपाजारी मिळून करायची पद्धत आहे, तिला युई म्हणतात.

आगीचं मात्र खरंच सांभाळा, सिगरेट फक्त ठरवलेल्या जागीच. आणि लोक अजून राहतात तिथे, त्यामुळे कुणाच्याही अंगणात शिरू नका.

गर्दी नको असेल तर जवळच्या गोकायामा भागातलं आइनोकुरा किंवा सुगानुमा गाव बघा, 1995 मध्ये शिराकावा-गो सोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तीही आली. जमलं तर अशाच एखाद्या घरात एक रात्र राहा, संध्याकाळी शेवटची बस गेली की गाव एकदम शांत होतं.