जपानी कलाकुसरीचं सेकंडहँड घड्याळ घेताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी एका मित्राने मोठ्या हौसेने सेकंडहँड ग्रँड सेको, म्हणजे सेको या जपानी कंपनीचं उंची घड्याळ, घेतलं. पांढऱ्या बर्फासारख्या डायलचं, ज्याला सगळे ‘स्नोफ्लेक’ म्हणतात ते. भेटल्या भेटल्या मनगट पुढे केलं. “बघ, आठ वर्षांचं आहे, पण कसं नव्यासारखं चमकतंय!” मी ते घेऊन खिडकीपाशी गेलो आणि काय बोलावं ते सुचेना. चमकत होतं खरं. पण पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या कडा अर्ध्या झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर झाल्या होत्या. विकायच्या आधी कुणीतरी ते बफच्या, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर धरलं होतं. मशीन मात्र ठणठणीत. त्याने तपासलं होतं तेवढंच.

सगळी गफलत इथेच होते. अशा घड्याळात मशीन हा सर्वांत कमी काळजीचा भाग. तेल सुकलं तर नवं घालता येतं, झिजलेला भाग बदलता येतो. हाताने केलेलं काम, म्हणजे डायलवरचा मुलामा, उरुशी या चिकाचा थर, केसची म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची धार, हे एकदा गेलं की गेलं. आणि जादा पैसे आपण नेमके त्याचेच मोजलेले असतात.

त्या धारेचं नाव झारात्सू पॉलिश. ऐकून सामुराईच्या काळातलं वाटतं, पण परदेशी पॉलिशिंग मशीनवरच्या ‘सालाझ’ या नावाचा तो जपानी उच्चार आहे. काम मात्र खरंच हाताचं. आरशासारखा सपाट पृष्ठभाग जिथे रेघारेघांच्या पृष्ठभागाला भिडतो, ती रेषा सुरीने कापल्यासारखी दिसली पाहिजे. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब केसवर पाडा आणि घड्याळ हळूहळू फिरवा. प्रतिबिंब सरळ राहिलं तर ठीक. कडेजवळ येताना ते वाकलं, लाटेसारखं हललं, तर पॉलिश झालेलं आहे. चार ओरखडे असलेलं मूळ केस मी चकचकीत केसपेक्षा केव्हाही पसंत करीन.

डायल कशाची आहे, हे न विचारणं

‘जपानी हस्तकलेची डायल’ एवढ्यावर थांबू नका. शिप्पो, अरिता, उरुशी आणि वाशी म्हणजे हातकागद, ही चार वेगळी कामं आहेत आणि चारही वेगवेगळ्या तऱ्हेने खराब होतात.

शिप्पो म्हणजे शब्दशः ‘सात रत्नं’. धातूवर काचेची पूड भाजून चढवलेला मुलामा, म्हणजे आपल्या मीनाकारीचीच चुलत बहीण. सेकोच्या ‘प्रेसाज’ मालिकेतल्या शिप्पो डायल नागोयाच्या ‘आंदो’ या 1880 सालच्या कारखान्यात झाल्या आहेत. अरिता म्हणजे क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतातलं गाव. तिथे चारशे वर्षं पोर्सिलेन भाजलं जातंय आणि डायलची पहिली भट्टी 1300 अंशांची असते. पोर्सिलेन असो की मुलामा, दोन्हींचा शत्रू एकच, तो म्हणजे धक्का. घड्याळ फरशीवर पडतं, मशीन चालू राहतं, मालक देवाचे आभार मानतो आणि डायलला केसाएवढी चीर गेलेली कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही चीर समोरून दिसत नाही. तोक्योतल्या नाकानो ब्रॉडवेमध्ये जुन्या घड्याळांची दुकानं ओळीने आहेत. तिथल्या एका दुकानात मी अरिता डायलचं घड्याळ बघत होतो. दिव्याखाली स्वच्छ, पांढरं, जसं हवं तसं. मग मोबाइलचा टॉर्च डायलच्या पातळीत आडवा धरला आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं. काटे बसतात त्या मधल्या भोकापासून चारच्या आकड्याकडे गेलेली एक बारीक रेघ दिसली. आधी वाटलं, काचेवर कापसाचा तंतू आहे. काच पुसली, रेघ तिथेच. घड्याळ जरा फिरवलं की गायब, परत फिरवलं की हजर. दुकानदारालाही ती माहीत नव्हती. त्याने भिंग घेऊन पाहिलं, वाकून माफी मागितली आणि घड्याळ फळीवरून काढून टाकलं. मधलं भोक, तारखेची खिडकी आणि कडा या तीन ठिकाणी आधी बघा; चीर बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

‘डायल दुरुस्त करून मिळेल’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. जुन्या सेकोच्या डायली भडक रंगात नव्याने रंगवून विकण्याची आपली जुनी परंपरा आहे. जगभरचे संग्राहक तशा घड्याळांना चेष्टेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. पत्र्याच्या डायलवर ते खपून गेलं. मुलाम्याची चीर रंगाने भरली की कलाकुसर संपली, उरली फक्त डायल. मर्यादित संख्येच्या मॉडेलची नवी डायल कंपनीकडून मिळेलच, अशा भरवशावरही राहू नका.

एकाला ऊन नको, दुसऱ्याला उजेड हवाच

उरुशीला आपण सरसकट लाख म्हणतो, पण सावंतवाडीची लाख वेगळी. ती किड्यापासून मिळते, उष्णतेने वितळते. उरुशी हा झाडाचा चीक. तो वाळतो असं म्हणतात, पण त्याला घट्ट व्हायला उलट दमट हवा लागते. म्हणजे आपल्या पावसाळ्याचं या डायलला भय नाही. भय उन्हाचं. अतिनील किरणांनी उरुशीची झळाळी मरते, खोल काळा रंग धुरकट होतो. कानाझावाचे इश्शू तामुरा यांच्या हाताखालून गेलेली डायल शोकेसमध्ये वर्षानुवर्षं उन्हात ठेवलेली असेल, तर ते पाप तुम्ही विकत घेताय. तारखेची चकती, काट्यांचा रंग, पट्ट्याची उघडी आणि झाकलेली बाजू यांत फरक दिसतो का बघा. घड्याळ उन्हात किती राहिलं हे पट्टा सांगतो.

याच्या अगदी उलट सिटिझन कंपनीचं ‘द सिटिझन’. त्याच्या काही मॉडेलांची डायल कोची प्रांतातल्या तोसा वाशी या हातकागदाची असते. कागद इतका पातळ की उजेड त्यातून आरपार जाऊन खालच्या सोलर सेलपर्यंत पोहोचतो. वर्षाला पाच सेकंद इतकीच चूक करणारं हे मशीन अंधारात ठेवलं तर उपाशी राहतं. लोक दोन्ही घड्याळं एकाच बंद डब्यात ठेवतात आणि मग ‘सिटिझन बिघडलं’ म्हणून ओरडतात.

सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत असेल तर घाबरू नका. चार्ज कमी झाल्याची ती सूचना आहे. काही दिवस खिडकीपाशी ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर नको आणि दिव्याला चिकटवून नको. उजेड हवाय, उष्णता नाही. एवढं करूनही उड्या थांबल्या नाहीत तर आतला चार्ज होणारा सेल थकलाय. तो कंपनीच्या सर्व्हिसकडूनच बदलून घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या जागी साधा सेल टाकला जातो आणि तो तिथे चार्ज होऊ लागला की गळण्याची, फुटण्याचीही भीती असते.

मशीनबद्दल थोडं

स्नोफ्लेकमध्ये स्प्रिंग ड्राइव्ह असतं. ताकद स्प्रिंगची, वेळेचा ताल क्वार्ट्झचा, बॅटरी नाही. सेकंद काटा टिकटिक न करता सलग सरकतो. ‘स्नोफ्लेक’ म्हणून विकायला आलेल्या घड्याळात तो ठोके देत असेल तर पुढे काही बघायची गरज नाही. मात्र एक गंमत लक्षात ठेवा. नेहमीचे घड्याळजी ठोके ऐकणाऱ्या यंत्रावर वेळ तपासतात आणि यात ठोकेच नसल्यामुळे ते यंत्र काही दाखवत नाही. “साहेब, हे बंद पडलंय” असं ऐकून कुणी घड्याळ स्वस्तात विकू नये, कुणी खोलायलाही देऊ नये. पूर्ण चावी द्या, मोबाइलशी जुळवा, आठवडाभर वापरा. महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत फरक असायला हवा. पूर्ण चावी दिल्यावर ते 72 तास चालायला हवं. दिवसभरातच थांबत असेल तर सर्व्हिसचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

प्रेसाज एकदम रोज काही मिनिटं पुढे जाऊ लागलं तर आधी चुंबकत्वाचा संशय घ्या. टॅबलेटच्या कव्हरमधलं चुंबक पुरतं. घड्याळात शिरलेलं चुंबकत्व पाच मिनिटांत काढून मिळतं.

मागच्या झाकणावरचा नंबर न वाचणं

सेकोच्या सिरीयल नंबरचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. अरिता डायलची प्रेसाज 2019 मध्ये आली. नंबर 7 किंवा 8 ने सुरू होत असेल, तर झाकण आणि डायल जन्मापासून एकत्र नाहीत.

जपानी जाहिरात भाषांतर करून वाचताना दोन-तीन शब्द मूळ रूपात ओळखा. ‘गेंजो’ म्हणजे आहे तसं घ्या, नंतर तक्रार नको. ‘जंकु’ म्हणजे सुट्ट्या भागांसाठी. आणि ‘शिनपिन शिआगे झुमी’, म्हणजे नव्यासारखं करून ठेवलेलं. हा शब्द गुण म्हणून छापलेला असतो. माझ्या लेखी तो बफच्या चाकाचा कबुलीजबाब आहे.

कुरिअरने मागवण्याआधी कस्टम्सच्या जाणकाराला विचारा. भारतात वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत आणि ड्यूटी भरून प्रश्न सुटतोच असं नाही. झाकणावर ‘10 बार’ लिहिलंय म्हणून मुंबईच्या पावसात घालून फिरू नका; पाणी सोसण्याचा तो आकडा नव्या गॅस्केटचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आतल्या रबरी कडीचा आहे. आधी पाण्याची चाचणी करून घ्या.

मित्राच्या केसचं काय करता येईल, म्हणून आम्ही चौकशी केली. पुन्हा पॉलिश करून मिळेल, पण गेलेला धातू परत येणार नाही, असं उत्तर आलं. तो अजूनही तेच घालतो. परवा त्याने एका उरुशी डायलच्या घड्याळाचे अकरा फोटो पाठवले, अकराही समोरून काढलेले. मी लिहिलं, बाराव्याला बाजूने टॉर्च मारायला सांग.