गरोदरपणात अंगावरून रक्त गेलं तर या चुका टाळा

डाग दिसला की घरात पहिला प्रश्न येतो, "फार टेन्शन घेतलंस का?" विरार लोकलने ऑफिसला जाणारी असेल तर विचारूच नका, सगळं खापर नोकरीवर. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. ऑफिसमधल्या कटकटीने नाही. घाबरलेल्या बाईवर आणखी तो बोजा टाकू नका.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे "थोडंसंच आहे, सकाळी बघू." दिवस भरत येतात तसं आईच्या अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यामुळे बरंच रक्त जाऊनही तिची नाडी आणि बीपी ठीक दिसू शकतं. पण शरीर तिचा मेंदू आणि हृदय सांभाळायला गर्भाशयाचा रक्तपुरवठा आधी आखडतं. आई नीट बोलत असते आणि बाळाला प्राणवायू कमी पडत असतो. बाळाला पोसणारी वार वेळेआधी सुटली तर रक्त आतच साचू शकतं: पॅडवर जेमतेम डाग, पोट मात्र दगडासारखं घट्ट आणि सतत दुखतं. न दुखता लालभडक रक्त गेलं तर वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ असू शकते. सोनोग्राफीत तिची जागा कळेपर्यंत आतून तपासणी नको. पाचव्या महिन्यानंतर असं काही दिसलं, किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर रात्र असो की रविवार, थेट प्रसूतीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. गाडी मिळत नसेल तर १०८ लावा. भिजलेले पॅड टाकू नका, दाखवायला बरोबर न्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही आधीच सांगा. आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं अँटी-डी इंजेक्शन रक्त गेल्यापासून ७२ तासांच्या आत लागतं.

मग ताणाचं काहीच नाही का? आहे. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा बराचसा भाग वार निष्प्रभ करते, म्हणून रोजची धावपळ बाळापर्यंत फारशी पोचत नाही. महिनोन्‌महिने चाललेली मारहाण, नैराश्य, उडालेली झोप यांचा संबंध मात्र कमी वजनाशी आणि वेळेआधीच्या प्रसूतीशी आढळतो. तिथे "खूश राहा" म्हणून भागत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर थोडा रक्तस्रावही जड जातो. गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची वेगळ्या वेळी.