विशारद झालंय म्हणजे प्रवेश ठरलाच? संगीताचं कॉलेज निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या गाण्याच्या क्लासवाल्यांचे फोन वाजायला लागतात. "सर, पोरीला गाण्यात डिग्री करायचीय. कुठं चांगलंय?" विचारणाऱ्याला उत्तर तिथल्या तिथं हवं असतं, कारण फॉर्मची मुदत बहुतेक वेळा त्याच आठवड्यात संपत असते. दोन वर्षं आधी विचारलं असतं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दरवर्षी त्याच चुका बघून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पुढच्या मे महिन्यात फोन आला की हेच पाठवून देणार.

सुरुवात विशारदपासून करू, कारण निम्मा गोंधळ तिथं आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा होतात. त्या नीट दिल्या तर पाया पक्का होतो, यात शंका नाही. पण विशारद म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. पदवी देण्याचा अधिकार 1956 च्या युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम 22 नुसार विद्यापीठांना आणि कायद्यानं तशी मुभा दिलेल्या संस्थांनाच आहे. पुढं एम.ए., नेट, प्राध्यापकी असा विचार असेल तर पदवी लागणारच. काही ठिकाणी कुठल्याही शाखेच्या पदवीधराला विशारदच्या आधारावर एम.ए. संगीताला घेतात, पण तिथंही आधी पदवी हातात असावी लागते. आणि गल्लीतल्या एखाद्या अकादमीनं 'डिग्री कोर्स' अशी पाटी लावली असेल तर एकच प्रश्न विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची? उत्तर लांबायला लागलं की चपला घाला.

दुसरी बाजू याहून वाईट. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळायला लागले तेव्हापासून पालकांनी परीक्षांची नुसती शर्यत लावली आहे. एप्रिलला एक, नोव्हेंबरला एक. प्रमाणपत्रांची फाईल जाड होते आणि मूल भूपसारखा सुरुवातीचा राग पाच मिनिटं मांडू शकत नाही. मग अशी फाईल घेऊन प्रवेशाच्या चाचणीला जातात आणि परीक्षक फाईल उघडतच नाहीत, म्हणून नाराज होतात. अहो, ते उघडणारच नाहीत. समोर मूल बसलंय, तर कागद कशाला बघतील?

चाचणीला अवघड राग नेणं

ही चूक माझ्या विशेष रागाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी होटगी रोडवरची एक मुलगी चाचणीच्या तयारीसाठी माझ्याकडे आली. आधीचं शिक्षण दुसरीकडं झालेलं, परीक्षा भराभर पास झालेली. येतानाच ठरवून आली होती: मारवा गायचा. यमन सगळेच गातात, मारव्यानं छाप पडेल, असं कुणीतरी डोक्यात भरवलेलं. मी नको म्हटलं. आई म्हणाली, "तिची तयारी आहे सर, ताना ऐका तर." ताना खरंच स्वच्छ होत्या. व्हिडिओवरून उतरवून घेतलेल्या, मात्रा न् मात्रा जागेवर. ज्या विभागात चाचणी होती तिथं आपला साथीदार न्यायची मुभा होती, म्हणून संवादिनीवर मीच बसलो.

बंदिश झाली, ताना झाल्या. परीक्षक शांतपणे म्हणाले, "छान. आता हेच स्वर घेऊन पूरिया दाखव." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. फरक सगळा चालण्यात. मारव्यात रिषभ-धैवतावर भर आणि षड्ज टाळत टाळत उशिरा घ्यायचा. पूरिया गंधार-निषादावर उभा राहतो आणि मंद्राकडं, म्हणजे खालच्या सप्तकाकडं, ओढ घेतो. सोहनी वर, तार षड्जाच्या आसपास खेळते. मुलीनं पूरिया म्हणून पुन्हा मारवाच गायला, फक्त हळू. परीक्षकांनी राग सोडून दिला आणि म्हणाले, "बरं, भूपातली आलापी ऐकव, पाच मिनिटं." ती म्हणाली, "भूप प्रवेशिकेला झालाय सर." पहिल्या दीड मिनिटात आरोह, अवरोह आणि पकड संपली. पुढं काय करायचं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. निवड झाली नाही. आईचं म्हणणं आजही असं की परीक्षकांनी मुद्दाम अडवलं.

मुद्दाम कुणी अडवत नाही. विद्यार्थी शिकवण्याजोगा आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून ते एखादी स्वरावली गाऊन दाखवतात आणि परत म्हणायला सांगतात, एकतालाचा ठेका हातावर धरायला लावतात, मध्येच दुगुन, म्हणजे दुप्पट लय, मागतात. "तुझा स्वर कोणता?" हा साधा प्रश्न असतो आणि मुलं माझ्या तोंडाकडं बघतात, कारण घरी मोबाईलवरचा तानपुरा आईनं लावून दिलेला असतो. काळी चार की पांढरी पाच, ते बटण त्यांनी स्वतः कधी दाबलेलंच नसतं.

माझी स्वतःची सवय अशी की जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की चाचणीला जाणाऱ्या मुलांना नवा राग बंद. जानेवारीनंतर एकच राग, यमन किंवा भीमपलास, रोज. इतका की मी मध्येच थांबवून कुठल्याही स्वरावरून परत सुरुवात करायला सांगितलं तरी अडखळायला नको. मुलं कंटाळतात. कंटाळू देत. कंटाळा आल्यानंतर पुढं जे गातात, तेच परीक्षकांना ऐकायचं असतं.

ध्वनिमुद्रण मागवलं असेल तर तेही असंच. एका बैठकीत, न तोडता, फोन समोर ठेवून. स्टुडिओत जाऊन घुमारा टाकून आणलेलं गाणं ऐकलं की माझीच शंका बळावते, निवड करणाऱ्यांची का बळावणार नाही?

नाव बघून कॉलेज ठरवणं

सोलापूरकरांना पुण्यापलीकडं गाव नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं जाता येतं, मावशी कोथरूडला असते, झालं ठरलं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र उत्तम आहे. 1987 पासून ते गुरुकुल पद्धतीनं चालतं आणि निवड प्रात्यक्षिकावर होते. पण जागा थोड्या असतात आणि अर्ज सगळ्या महाराष्ट्रातून येतात. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, आणि 2004 पर्यंत आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं त्याच विद्यापीठाला जोडलेली होती, तरी आज ते कुणाला आठवत नाही. घरात कन्नड बोलणाऱ्यांनासुद्धा धारवाड सुचत नाही, याचं तर मला नवलच वाटतं. ज्या मातीतून एवढी गाणी निघाली तिथल्या विद्यापीठात संगीत शिकवतात हो! लांब जायची तयारी असेल तर खैरागड आहे, बडोदा आहे, बनारस आहे. बनारसला सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते, तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरायचे असतात.

अर्ज करण्याआधी एकदा जाऊन या. माहितीपत्रकात नटराजाचं चित्र सगळ्यांच्याच असतं. मी गेलो की आधी तानपुरे बघतो. तारा धड आहेत का, जव्हारी (घोडीवरची घासणी, जिच्यामुळं तार घुमते) उतरली आहे का, खोळीवर धूळ किती आहे. ज्या विभागात तानपुरा कुणी लावत नाही तिथं गाणं होत नाही, मग प्रवेशद्वार कितीही मोठं असो. त्यानंतर वेळापत्रक मागायचं. बी.ए.ला इतर विषयांसोबत एक विषय म्हणून संगीत, आणि पूर्ण वेळ संगीताची पदवी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आठवड्याला प्रात्यक्षिकाचे किती तास मिळतात ते मोजा. शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर, तेही विचारा. तासिकेवरचे लोक कमी शिकवतात असं अजिबात नाही, कित्येकदा तेच मनापासून शिकवतात. पण ज्यांच्यासाठी तुम्ही जाताय ते पुढच्या वर्षी तिथं असतील का, हा प्रश्न उरतोच. तबल्याचा साथीदार विभागाचा आहे का? नसेल तर तीन वर्षं मोबाईलच्या ठेक्यावर गावं लागेल.

किरकोळ चुका झटपट सांगतो.

चाचणीच्या दिवशी पहाटे पोहोचणारी गाडी पकडून जाऊ नका, आदल्या दिवशी जा. रात्रभर एसीत झोपून सकाळी गळा लागत नाही.

तबलावाल्यांनी हातोडी विसरू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात ताणलेली पुडी मुंबईच्या दमट हवेत उतरते, आणि परीक्षकांसमोर उसनी हातोडी मागणं बरं दिसत नाही.

नॉन-क्रीमीलेयर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. जूनमध्ये सेतूच्या रांगेत उभं राहून रडू नका.

राज्याबाहेर जायचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते पुणे विभागीय मंडळाकडून मिळतं. त्याला वेळ लागतो.

"आपली आत ओळख आहे" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पैसे देऊ नका.

निकालाची वाट बघताना

चाचणी झाली की मुलं क्लासला यायची बंद होतात. "निकाल लागू दे सर, मग येतो." का? निवड झाली तर तिथं पहिल्याच आठवड्यात बसून गावं लागणार आहे, आणि नाही झाली तर पुढच्या वर्षी परत जायचंय. दोन्हीकडं गळा लागतोच. या दिवसांत मी मुलांना निकालाचं काही विचारत नाही आणि त्यांनाही क्लासमध्ये विचारू देत नाही.

पण सगळ्यात जास्त नुकसान करते ती चूक गाण्याशी संबंधित नाही. फॉर्म नेट कॅफेत भरायचा, आणि मोबाईल नंबर आणि ईमेल कॅफेवाल्याचा द्यायचा. अशोक चौकाकडचा एक मुलगा, हात अतिशय गोड, तबल्यावर तीनतालात कायदा वाजवायला लागला की मी शिकवणं थांबवून ऐकत बसायचो. वडील लूमवर, घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कारखान्यात. म्हणून फॉर्म भरताना कॅफेवाला म्हणाला, "माझाच नंबर टाकतो, ओटीपी लगेच येतो." प्रतीक्षा यादीत नाव होतं. वरचं कुणीतरी दुसरीकडं गेलं, जागा निघाली, ईमेल आला: दोन दिवसांत फी भरून प्रवेश निश्चित करा. कॅफेवाला लग्नाला गावी गेला होता. परत येऊन त्यानं ईमेल वाचला तोवर जागा पुढच्या नावाला गेली होती. विभागात फोन केला तर तिथले कर्मचारी म्हणाले, आम्ही ईमेल केला होता. त्यांचं काय चुकलं?

ईमेल स्वतःच्या नावानं काढा, पासवर्ड वहीत लिहा, स्पॅमची पेटी रोज बघा. संगीताच्या विभागांत जागाच थोड्या, त्यामुळं प्रतीक्षा यादी एकेका नावानं सरकते आणि मुदत छोटी असते. फीचे पैसे खात्यात तयार असू देत. रोज विभागात फोन करून "आमचं काय झालं" विचारू नका. तिथला कारकून यादी करत नाही, आणि त्यानं कंटाळून "होईल होईल" म्हटलेलं लोक निवड झाली असं धरतात.

याचाच पुढचा भाग म्हणजे घाईनं दाखला काढणं. इथल्या कॉलेजात बी.ए.ला किंवा बी.कॉम.ला प्रवेश घेऊन ठेवलेला असतो, तोंडी काहीतरी ऐकून वडील जातात, प्रवेश रद्द करतात, एलसी घेऊन येतात. छापील यादीत स्वतःचं नाव आणि क्रमांक बघितल्याशिवाय, फी भरल्याची पावती मिळाल्याशिवाय इथला प्रवेश सोडू नका. 2018 च्या युजीसी नियमांनुसार कॉलेजला तुमची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, आणि ठरावीक मुदतीत प्रवेश रद्द केला तर फीचा मोठा भाग परत मिळतो. प्रत्यक्षात एलसी ठेवून घेतातच, तेव्हा ती देण्याआधी चार झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा.

2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही युजीसीनं परवानगी दिली आहे, म्हणून हल्ली "बी.कॉम. पण आणि संगीत पण" असे फोन येतात. दूरशिक्षणानं दुसरी पदवी होते, कागदोपत्री अडचण नाही. मला विचाराल तर पहिलं वर्ष तरी करू नका. सकाळचा रियाज, दुपारचे तास आणि संध्याकाळी अकाउंट्स, यातलं पहिलं काय सुटतं ते मी बघितलंय. दुसऱ्या वर्षापासून जमत असेल तर जरूर करा, आणि त्याचा फॉर्मही स्वतःच्याच ईमेलवरून भरा.