फुटबॉल खेळाडूवरून संघाचे मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) झालात? पहिल्या काही वर्षांत या चुका टाळा

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन म्हटलं की मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचे चषक आठवतात. नुकताच संघ हातात घेतलेल्या माजी खेळाडूने मात्र तिकडे बघून काही उपयोग नाही. त्याने बघायची ती 1974 ते 1980 ही स्कॉटलंडमधली वर्षं. तेव्हा हाच माणूस नोकरीवरून काढला गेला, त्याविरुद्ध दाद मागायला जाऊन हरला, लीग कपच्या सलग दोन फायनल त्याने गमावल्या आणि सीनियर खेळाडूंना वैतागही आणला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मॅनेजर होणाऱ्याकडून होतात त्यातल्या बऱ्याचशा चुका या सहा वर्षांत सापडतात.

सुरुवात झाली ईस्ट स्टर्लिंगशर या छोट्या क्लबातून. वय 32, नोकरी अर्धवेळ, पगार आठवड्याला 40 पौंड आणि संघात एकही गोलकीपर नाही! चारेक महिन्यांत त्याला सेंट मिरेनने उचललं. तिथे कोवळी पोरं घेऊन त्याने 1976-77 मध्ये फर्स्ट डिव्हिजन (नाव 'फर्स्ट', पण स्कॉटलंडची दुसरी श्रेणी) जिंकली आणि संघ वरच्या श्रेणीत नेला. तरी मे 1978 मध्ये त्याच सेंट मिरेनने त्याला हाकललं.

ऑफिसशी वैर

मैदानावर सगळं छान चाललं होतं, मग बिनसलं कुठे? ऑफिसात. फर्ग्युसनने अन्यायाने काढल्याचा दावा नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या ट्रायब्युनलपुढे केला आणि तिथे एकेक गोष्ट बाहेर आली. खेळाडूंना काही खर्चाचे पैसे करमुक्त मिळावेत असा त्याचा हट्ट होता. त्यावरून क्लबच्या सेक्रेटरीबाईंशी वाजलं. सहा आठवडे तो त्यांच्याशी बोलला नाही. त्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि सगळे निरोप ऑफिसातल्या 17 वर्षांच्या सहायक मुलीकरवी पाठवले. ट्रायब्युनलने हे वागणं कोत्या मनाचं आणि पोरकट ठरवलं आणि दावा फेटाळला.

माजी खेळाडू इथे हमखास घसरतो. उभी कारकीर्द त्याचं किट कुणीतरी धुऊन ठेवतं, तिकिटं कुणीतरी काढतं, हॉटेलची खोली कुणीतरी बघतं. हे 'कुणीतरी' आपल्या संघाचाच भाग आहे हे त्याला खेळत असताना कधी कळायची वेळच येत नाही. मॅनेजर झाल्यावर खेळाडूंचा कैवार घेऊन ऑफिसवर चालून जाणं त्याला मर्दुमकी वाटते. अध्यक्षाशी मतभेद होणारच, पण ते अध्यक्षाच्या खोलीत, दार लावून. अकाउंट्स आणि ग्राउंड स्टाफशी मात्र पहिल्या दिवसापासून गोडीत राहा. आपल्याकडच्या क्लबांत तर पाऊस पडून गेल्यावर मैदान सरावाला मिळणार की नाही हे माळीबुवाच ठरवतात.

'आमच्या जुन्या क्लबात असं नव्हतं'

सेंट मिरेनहून फर्ग्युसन थेट अ‍ॅबरडीनला गेला, तोही 36 व्या वर्षी. संघातले काही सीनियर त्याच्याहून फार लहान नव्हते. गोलांची रास रचणारा जो हार्पर तर त्याला मानायलाच तयार नव्हता. त्यात भर म्हणून हे महाशय अ‍ॅबरडीनच्या खेळाडूंची तुलना सेंट मिरेनच्या पोरांशी करायचे. नव्या सुनेने सासरी बसून माहेरचे गोडवे गावेत तसंच हे. ऐकणाऱ्यांची तोंडं वाकडी होणारच, कारण अ‍ॅबरडीन हा मोठा क्लब होता आणि सेंट मिरेन छोटा.

लक्षण ओळखायचं असेल तर एक करा. सहायकाला सांगा की टीम टॉकमध्ये मी जुन्या क्लबाचं किंवा स्वतःच्या खेळण्याच्या दिवसांचं नाव किती वेळा घेतो ते मोज. आकडा ऐकून बरेच जण गप्प होतात. सीनियर खेळाडूला दुसऱ्याचं उदाहरण देऊ नका, त्याच्याच गेल्या मॅचमधला प्रसंग दाखवा. 'त्या कॉर्नरला तू दोन पावलं मागे होतास' याला उत्तर नसतं. 'आमचा अमका असता तर' याला असतं, आणि ते तुमच्या पाठीमागे दिलं जातं.

ज्यांनी निभावलं त्यांनाच परत खेळवणं

डिसेंबर 1979. लीग कपची फायनल डंडी युनायटेडशी 0-0 सुटली, चार दिवसांनी पुन्हा खेळली गेली आणि अ‍ॅबरडीन 3-0 हरलं. दुसऱ्या मॅचला संघ बदलायला हवा होता, चूक माझी, असं फर्ग्युसनने सांगून टाकलं. ही चूक माणुसकीपोटी होते. काल ज्यांनी जीव ओतला त्यांना बाकावर बसवायचं कसं? खेळाडू असताना स्वतः बाकावर बसलेला माणूस तर यात जास्तच अडकतो. पण चार दिवसांनी होणारी मॅच ही वेगळी मॅच असते.

दोष स्वतःकडे घेण्याचा फायदा पुढे दिसला. नव्या वर्षात संघ सुसाट सुटला आणि 3 मे 1980 रोजी हिबर्नियनला 5-0 हरवून अ‍ॅबरडीन लीगविजेतं झालं. 1965 मधल्या किल्मार्नकनंतर रेंजर्स आणि सेल्टिक या दोन बड्या क्लबांखेरीज दुसऱ्या कुणी लीग जिंकायची ही पहिलीच वेळ. खेळाडूंचा आपल्यावर विश्वास बसला तो इथून, असं फर्ग्युसनच म्हणतो. म्हणजे रुजू झाल्यावर जवळपास दोन वर्षांनी.

राग उसना आणणं

याच फर्ग्युसनने हाफ टाइमला चहाच्या भांड्याला लाथ मारली होती. रस्त्यात आपली गाडी ओव्हरटेक केली म्हणून जॉन ह्यूइटला दंडही केला होता. हे किस्से ऐकून नवे मॅनेजर बाटल्या फेकायला लागतात. कृपा करून फेकू नका. त्याचा राग खपला, कारण संघ जिंकत होता. उलट बाजू मोनाको क्लबचा मॅनेजर झालेल्या फ्रान्सच्या माजी स्टार थिएरी आँरीची. डिसेंबर 2018 मध्ये मोनाकोच्या पत्रकार परिषदेतून 17 वर्षांचा खेळाडू बादियाशील खुर्ची आत न सरकवता उठला. आँरीने त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की पोरगा परत येऊन खुर्ची सरकवून गेला. शिस्त म्हणून ठीक, पण संघ तळाला असताना तो व्हिडिओ जगभर थट्टेचा विषय झाला. जानेवारीत आँरीची नोकरी गेली.

उडी कुठे आणि कुणाबरोबर

इंग्लंडचा माजी बचावपटू गॅरी नेव्हिलने मॅनेजर म्हणून पहिलीच नोकरी स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबात घेतली, डिसेंबर 2015 मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना आणि स्पॅनिश धड येत नसताना. बार्सिलोनाकडून 7-0 मार खाल्ला, पहिला लीग विजय फेब्रुवारीत मिळाला आणि 30 मार्चला गाशा गुंडाळला. उलट स्पेनचा माजी खेळाडू झाबी अलोन्सोने आधी रेआल माद्रिदची 14 वर्षांखालची पोरं घेतली. मग तीन वर्षं रेआल सोसिएदादचा ब संघ. तो वर नेला आणि पुढच्याच हंगामात खालीही आला. चुका केल्या त्या कॅमेरे नसताना. लेव्हरकूझेन हा मोठा जर्मन क्लब त्यानंतर.

आणि एकटे जाऊ नका. इंग्लिश मॅनेजर ब्रायन क्लफने 1965 मध्ये हार्टलपूलला सुरुवात केली तेव्हा सहायक पीटर टेलर बरोबर होता. 1974 मध्ये टेलर ब्रायटनलाच राहिला, क्लफ लीड्सला एकटा गेला आणि 44 दिवसांत बाहेर पडला. तुम्हाला तोंडावर 'चुकतंय' म्हणणारा एक माणूस पगारावर हवाच.

आपल्याकडचं उदाहरण खालिद जमीलचं. मुंबई एफसीत 2009 पासून तो काही वर्षं तुटपुंज्या बजेटवर संघ तगवत राहिला. बचावात्मक म्हणून नावं ठेवली गेली, पण संघ आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये, टिकला. 2016-17 मध्ये त्याने मिझोरमच्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली आणि त्याच हंगामात त्याच्याविना मुंबई एफसी तळाला गेली.

राहिलं लायसन्स. एआयएफएफ या भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी पासून एएफसी या आशियाई महासंघाच्या सी, बी, ए आणि प्रोपर्यंत प्रशिक्षकाच्या लायसन्सच्या पायऱ्या आहेत. शेवटचे दोन हंगाम खेळत असतानाच पहिल्या कोर्सचा फॉर्म भरा आणि क्लबच्या अंडर-13 मुलांचा सराव मागून घ्या.